वर्गात सिम्युलेशन, व्हर्च्युअल लॅब, माइनक्राफ्ट वगैरे खरंच कोण वापरतं? काय चाललं, काय नाही?

नववी_ब (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या अनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. शाळेत एक इंटरॅक्टिव्ह पॅनल आलंय, कॉम्प्युटर लॅबमधली चालू अवस्थेतली मशीनं बोटावर मोजण्याएवढी, नेट आलं तर आलं. ट्रेनिंगला गेलो की दरवेळी नवीन अ‍ॅपचं नाव ऐकायला मिळतं, पण वर्गात ते वापरून पोरांना नेमकं काय समजलं हे कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा.

माझ्याकडे टिकलेली गोष्ट म्हणजे फेटची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली नोबेलवाल्या कार्ल वीमन यांनी सुरू केलेला प्रकल्प, फुकट आहे, लॉगिन लागत नाही, बरीचशी मराठीतही आहेत. नववीच्या धाराविद्युतला मी काय करतो ते जरा सविस्तर सांगतो. पॅनलवर सर्किटवालं उघडायचं, नऊ व्होल्टचा घट, एक बल्ब, वायरी. बल्ब लागला. आता अगदी तसाच दुसरा बल्ब एकसर जोडणीत लावणार, पण अजून लावलेला नाही. आधी वहीत लिहा, जास्त प्रकाश कोण देणार, घटाजवळचा, लांबचा, का दोघे सारखे? लिहून झाल्याशिवाय मी स्क्रीनला हात लावत नाही आणि मग शेजाऱ्याशी भांडायला थोडा वेळ देतो. दरवर्षी निम्म्याच्या वर पोरं जवळचा म्हणतात, कारण "सर, पयल्या बल्बनी करंट खाल्ला ना". मग लावायचा. दोघे सारखे, आणि दोघेही आधीपेक्षा मंद. त्यावर अ‍ॅमीटर घटाजवळ लावा, दोन बल्बच्या मधे लावा, शेवटी लावा, तिन्हीकडे ०.४५ अँपिअर. वर्गात जी शांतता, सॉरी, जो गोंधळ होतो तो बघण्यासारखा असतो, कारण प्रत्येकाचं काहीतरी वहीत अडकलेलं असतं.

हाच क्रम उलटा केला, म्हणजे आधी दाखवलं आणि मग विचारलं, की सगळ्यांना "हे माहितीच होतं". म्हणून माझं एवढंच मत झालंय की टूल कुठलं यापेक्षा क्लिक करायच्या आधी पोराने काही कबूल केलंय का ते महत्त्वाचं.

तुम्ही काय वापरता? सरकारी धोरणावरची चर्चा कृपया दुसऱ्या धाग्यावर.


चहाटळ

आमच्या शाळेतल्या पॅनलवर दोनच गोष्टी होतात, पंधरा ऑगस्टला देशभक्तीपर गाणी आणि इतर दिवशी पाठ्यपुस्तकाची पीडीएफ मोठ्या अक्षरात. उरलेल्या वेळी त्यावर शिवणवर्गातून शिवून आणलेलं कव्हर असतं, कारण धूळ बसली तर इन्स्पेक्शनला प्रॉब्लेम.

वाचतोय. पुढचे प्रतिसाद येऊ द्या.


जुनासर

आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे थोडं खवचट लिहितो, राग मानू नये.

एक, तुमच्या सिम्युलेशनमधला साधा बल्ब ओहमचा नियम इमानेइतबारे पाळतो. खऱ्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, थंड बल्बचा रोध मोजा आणि पेटलेल्या बल्बचा काढा, कितीतरी पट फरक येईल. दोन, त्यात निळे इलेक्ट्रॉन वायरीतून लगबगीने पळताना दाखवलेत. प्रत्यक्षात तांब्याच्या तारेत ते सेकंदाला मिलिमीटरचा काही अंश एवढेच सरकतात. पोरगं मनात काय चित्र घेऊन जाईल? की घटातून इलेक्ट्रॉन निघाला, पळत बल्बपर्यंत गेला आणि बल्ब लागला. हे चित्र पुसायला अकरावीला मला घाम फुटायचा.

आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं. स्क्रीनवर लूज कॉन्टॅक्ट नसतो. खऱ्या प्रयोगात निम्मा तास वायर कुठे सुटलीय, सेल उतरलाय का, बल्ब गेलाय का हे शोधण्यात जातो आणि लोक म्हणतात वेळ वाया गेला. तोच तर प्रयोग!


नववी_ब

सर, राग कसला, तीनही मुद्दे मान्य. फक्त खऱ्याच्या ऐवजी हे, असं मी कुठे म्हटलं नाही. सिम्युलेशन झालं की पुढच्या तासाला टॉर्चचे बल्ब, पेन्सिल सेल, वायरी, गटागटाने. पण तेव्हा पोरं लूज कॉन्टॅक्ट शोधताना "दोघे सारखे लागायला पाहिजेत, मग हा का नाही लागला" असं बोलतात, पूर्वी "सर, लागत नाय" एवढंच बोलायची.

कोलोरॅडोवाल्यांचाच एक अभ्यास २००५ मध्ये आला होता, त्यात सिम्युलेशनवर शिकलेल्या विद्यार्थ्यांनी नंतर खरं सर्किट जोडण्यात आणि समजावून सांगण्यात खऱ्या सामानावर शिकलेल्यांपेक्षा सरस कामगिरी केली होती.

आणि पळणाऱ्या इलेक्ट्रॉनचं म्हणाल तर तोच मी गृहपाठ करतो, या सिम्युलेशनमध्ये खोटं काय दाखवलंय ते शोधा. तुमचे पहिले दोन मुद्दे आता यादीत टाकतो, तिसरा पोरांना स्वतःला सापडतो. एका मुलीने लिहिलं होतं, यातल्या कुत्र्यामधून करंट गेला तरी तो भुंकत नाही :) (हो, त्यात वाहक-दुर्वाहक तपासायला नाणं, खोडरबर, पेन्सिल यांच्याबरोबर कुत्राही दिलाय, का ते देव जाणे.)


जुनासर

तो अभ्यास कॉलेजच्या मुलांवरचा आणि टूल बनवणाऱ्यांनीच केलेला, हे आपलं असू द्या ध्यानात. पण खोटं शोधायचा गृहपाठ आवडला. हे आमच्या काळात पुस्तकातल्या आकृत्यांवर करायला हवं होतं, त्यातही काही कमी खोटं नव्हतं.


भूगोलवाली

+१ अंदाजाच्या मुद्द्याला, विषय वेगळा असला तरी अनुभव हाच.

दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील. आमच्या पोरांनी सातारा सोडला नाही तर ब्राझील कुठून कळणार, म्हणून मी गूगल अर्थ वापरते. त्यात टाइमलॅप्स आहे, १९८४ पासूनची उपग्रह चित्रं वर्षावर्षाने पुढे सरकतात. ब्राझीलमधलं रोंडोनिया राज्य उघडायचं आणि १९८४ वरच थांबायचं. बीआर-३६४ नावाचा हायवे दिसतो, त्याच्या आजूबाजूला जंगल. मग प्रश्न, पुढच्या काही वर्षांत जंगल कुठून तुटायला लागेल, पॅनलवर बोटाने रेघ मारून दाखवा. बहुतेक जण कडेकडेने, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या काठाने रेघ मारतात. मग प्ले करायचं. मुख्य रस्त्याला काटकोनात छोटे रस्ते फुटत जातात आणि प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हिरवं नाहीसं होतं, माशाच्या सांगाड्यासारखी नक्षी तयार होते. तेव्हा एक मुलगा बोलला, "मॅडम, म्हणजे आधी रस्ता येतो." पुस्तकात वृक्षतोडीची कारणं दिलेलीच आहेत, शेती, गुरं, लाकूड, पण रस्ता आधी येतो हे त्याने स्वतः काढलं. नंतर तोच आपल्याकडच्या घाटातल्या नव्या रस्त्याबद्दल विचारायला लागला आणि तास संपला तरी थांबेना.

उलट क्यूआर कोडचं सांगते. बालभारतीच्या पुस्तकांवर कोड आले, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी ही कल्पना रुजवली, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आनंदच झाला. पण मी स्कॅन केलेल्या बऱ्याच कोडमागे शेवटी व्हिडिओ असतो आणि व्हिडिओत पोराला करायला काही नसतं. गुरुजींचं स्वतःचं काम त्यापेक्षा वेगळं होतं, त्यांची मुलं स्काइपवरून दुसऱ्या देशांतल्या वर्गांशी बोलायची, प्रश्न विचारायची. ते कोडमधून पोचत नाही, माणसामधून पोचतं.


पालक_बोलतोय

शिक्षक नाही, सहावीतल्या मुलीचा बाप आहे. मला एकच विचारायचंय की प्रत्येक टूलला मुलीचा ईमेल, जन्मतारीख, फोटो का लागतो? तिच्या शाळेने एका गेमसारख्या क्विझ अ‍ॅपवर सगळ्या वर्गाची खाती काढली, आम्हाला कळलं ते जाहिराती यायला लागल्यावर. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते ना?

आणि त्या क्विझमध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त मार्क. मुलगी हुशार आहे पण विचार करून बोलणारी, ती कायम खालून तिसरी. आता म्हणते मला गणित येत नाही.


झेडपी_दोनशिक्षकी

पालक दादा, तुमचा दुसरा मुद्दा अगदी बरोबर, वेगाला मार्क देणारी क्विझ मीही बंद केली. त्याऐवजी प्लिकर्स बघा. आमची शाळा द्विशिक्षकी, पोरांकडे एकही डिव्हाइस नाही, माझा एकट्याचा मोबाइल. प्रत्येक पोराला एक कार्ड छापून द्यायचं, त्यावर चौकटी-चौकटीची काळी आकृती असते आणि चार बाजूंना बारीक अ, ब, क, ड असतं (म्हणजे इंग्रजीतली ए बी सी डी). उत्तर जे असेल ती बाजू वर करून कार्ड धरायचं. मी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते मला दिसतं. आकृती प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे पुढच्याची कॉपी करून उपयोग नाही. सगळ्यांचं होईपर्यंत थांबता येतं, घाई नाही. नावाच्या जागी मी हजेरी नंबर टाकलेत, त्यामुळे डेटाचाही प्रश्न नाही.

एक टीप, कार्डं लॅमिनेट करू नका, उन्हाच्या बाजूला चमकतात आणि कॅमेऱ्याला दिसत नाहीत. जाड पुठ्ठ्यावर चिकटवा.


टेम्सकाठ

धागा मस्त चाललाय. मी लंडनजवळ राहतो, पूर्वी इथल्या एका विद्यापीठात शिकवायचो, त्यामुळे व्हर्च्युअल वर्ल्डचा जुना ताप अंगावर काढलाय. सेकंड लाइफ आठवतंय का कुणाला? लिंडन लॅब नावाच्या कंपनीने २००३ मध्ये काढलेलं आभासी जग, २००७ च्या सुमारास एवढी हवा होती की जो तो त्यात बेट विकत घेत होता. विद्यापीठांनी तिथे इमारती बांधल्या, लेक्चर हॉल, खुर्च्या आणि पडदा आणि पडद्यावर पॉवरपॉइंट! म्हणजे जिथे उडता येतं, ज्वालामुखीच्या पोटात जाता येतं, तिथेही आम्ही बाकांवर बसून स्लाइडच बघत होतो. पोरांचा पहिला तास अवतारचे, म्हणजे पडद्यावरच्या आपल्या बाहुलीचे, केस बदलण्यात जायचा. मग २०१० मध्ये कंपनीने शिक्षणसंस्थांची पन्नास टक्के सवलत नवीन वर्षापासून बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि बेटं पटापट ओस पडली. २०१३ ला सवलत परत आली, पण तोवर माणसं निघून गेली होती.

हे फक्त त्यांच्याच बाबतीत नाही. ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशचा सपोर्ट २०२० च्या डिसेंबरअखेर संपला तेव्हा जगभरची शैक्षणिक अ‍ॅनिमेशन्स एका फटक्यात गेली. गूगलचं एक्स्पिडिशन्स, ज्यात पुठ्ठ्याच्या चष्म्यातून मुलं सहलीला जायची, ते २०२१ ला बंद. मोझिलाचं हब्ज, म्हणजे आभासी भेटीच्या खोल्या, २०२४ ला बंद. गूगलचा डिजिटल फळा जॅमबोर्डही त्याच वर्षाअखेर. स्काइपही २०२५ मध्ये गेलं. म्हणून मला वाटतं कुठलंही टूल घेताना पहिला प्रश्न हा की कंपनीने उद्या दुकान बंद केलं तर माझ्या हातात काय उरतं.


चहाटळ

फ्लॅशवरून आठवलं, आमच्या संस्थेने एका कंपनीकडून पहिली ते दहावीचा ई-लर्निंगचा संच घेतला होता, पालकांकडून वर्गणी काढून. सगळा फ्लॅशमध्ये. आता सीडी घातली की राखाडी चौकोन येतो. कंपनीचा नंबर लागत नाही. संच मात्र डेडस्टॉक रजिस्टरला अजून "सुस्थितीत" आहे.


टेम्सकाठ

हाहा. बरं, नुसती रड नको म्हणून एक चांगला अनुभव सांगतो. आमच्या इथे शनिवारची मराठी शाळा भरते. दिवाळीत मुलांना किल्ला करायचा होता, पण इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिखल, पाऊस आणि चार-पाचलाच अंधार. मग एका पालकाच्या सर्व्हरवर माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेममध्ये, करायचं ठरलं. तिथे एक ठोकळा म्हणजे एक मीटर, त्यामुळे मापाचं गणित आपोआप येतं.

मुलांनी आठवड्याभरात देखणा किल्ला उभा केला, तटबंदी, बुरूज, मोठ्ठा दरवाजा अगदी समोर, रस्त्याच्या नाकासमोर. मी म्हटलं छान, आता दुसरा गट हल्ला करणार. पहिल्या हल्ल्यात सगळे उडत आत गेले, क्रिएटिव्ह मोडमध्ये उडता येतं ना. ते बंद केलं तर कुदळीने भिंत फोडून आत. शेवटी अ‍ॅडव्हेंचर मोड लावला, त्यात उडताही येत नाही आणि ठोकळे फोडताही येत नाहीत. मग खरी मजा. समोरचा दरवाजा म्हणजे सरळ धावत यायला वाटच, आणि आतल्यांना बाण मारायला वेळच मिळेना.

तेव्हा त्यांना रायगडाच्या महादरवाजाचे फोटो दाखवले. दोन बुरजांच्या मधून वळत आत गेल्याशिवाय दरवाजा दिसतच नाही. विचारलं, असं का बांधलं असेल? आधी हरलेली असल्यामुळे उत्तरं धडाधड आली. पुढच्या शनिवारी त्यांनी दरवाजा बुरजांच्या आड नेला, वाट वळवली, वर जंग्या (मारा करायची भोकं) ठेवल्या. एका नऊ वर्षांच्या पोरीने तर वळणावर मुद्दाम उंच पायऱ्या केल्या, म्हणे हत्तीला पळता येऊ नये. माइनक्राफ्टमध्ये हत्ती नसतो हे तिला माहीत होतं.

भाषेचं सांगायचं तर खेळताना मराठीतच बोलायचं असा नियम होता, तो अर्थातच पाळला गेला नाही. पण "देवडीत कोण आहे?", "चोरदरवाजा बंद कर" ही वाक्यं इंग्रजीच्या मधेमधे का होईना यायला लागली, कारण त्यांना त्यासाठी दुसरे शब्द ठाऊकच नव्हते.

शाळांसाठी माइनक्राफ्टची वेगळी शैक्षणिक आवृत्ती २०१६ पासून आहे, त्यात शिक्षकाला सीमा आखता येतात, फळे लावता येतात, मुलांना कॅमेऱ्याने फोटो काढून आपल्या कामाची वही करता येते. पण खात्यागणिक लायसन्स आणि बऱ्यापैकी मशीन लागतं.


झेडपी_दोनशिक्षकी

वा, टेम्सकाठ दादा! आमच्याकडे चिखल आणि माती भरपूर, मशीन नाही, त्यामुळे आम्ही हाच हल्ला मातीच्या किल्ल्यावर गोट्या सोडून करणार. दरवाजा कुठे हवा ते गोटी सांगेल.


भूगोलवाली

गोट्या भारीच! आभासी जग दाखवणाऱ्या व्हीआर चष्म्यांचं मात्र कुणी सांगा. आमच्याकडे एक विक्रेता डेमो देऊन गेला, एक चष्मा, चाळीस पोरं, प्रत्येकाला अर्धा मिनिट आणि सगळ्यांच्या तोंडी "भारी!" पण काय पाहिलं विचारलं तर शार्क. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती तेव्हा असा चष्मा शाळेत असता तर काय झालं असतं याचा विचार करूनच मी नाही म्हटलं.


आकाशवेडा

मी शिक्षक नाही, पण आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतो आणि शाळांमध्ये स्टेलॅरियम नावाचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर घेऊन जातो. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही, म्हणजे वरच्या "दुकान बंद झालं तर" या परीक्षेत पास.

त्यातला एक प्रयोग सांगतो. गावोगावी पंचांगामुळे "मंगळ वक्री" हे सगळ्यांच्या घरात माहीत असतं, पण वक्री म्हणजे डोळ्यांना काय दिसतं हे पाहिलेलं नसतं. फेब्रुवारी २०२७ मध्ये मंगळ प्रतियुतीला, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, येतोय, त्याच्या आसपास जानेवारी ते मार्च तो वक्री असेल. स्टेलॅरियममध्ये मघा तारा मधोमध धरून ठेवायचा, इक्वेटोरियल माउंट करायचा म्हणजे आकाश गरगरत नाही, आणि २०२६ च्या नोव्हेंबरपासून दहा-दहा दिवस पुढे जायचं. प्रत्येक वेळी पॅनलच्या मार्करने मंगळावर ठिपका द्यायचा आणि विचारायचं, पुढचा ठिपका कुठे? पोरं सरळ रेषेत पुढे दाखवत जातात, बिनधास्त. मग ठिपके जवळजवळ यायला लागतात, पोरं चुळबुळतात, आणि मंगळ मागे फिरतो. एका गावात मागे उभे असलेले पोराचे आजोबा पुढे येऊन म्हणाले, "म्हणजे खरंच फिरतो व्हय!" आत्तापर्यंत त्यांना ते नुसतं कुंडलीतलं वाटत होतं.

नंतर मैदानात दोन वर्तुळं आखून एक पोरगं पृथ्वी, एक मंगळ. आतल्या वर्तुळातली पृथ्वी मंगळाला मागे टाकताना दूरच्या झाडाच्या संदर्भाने मंगळ मागे गेल्यासारखा दिसतो. आणि २०२७ ला खरं आकाश आहेच, ठिपके तिथेही मांडता येतील.


नववी_ब

आकाशवेडा, हे भन्नाट. आमच्याकडे या की एकदा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पालक दादांच्या प्रश्नावर, माझा नियम असा की ज्याला पोराचं खातं लागतं ते वर्गात नाही. फेट, स्टेलॅरियम, गणितासाठीचं जिओजेब्रा, तिन्ही खात्याशिवाय चालतात. सी-डॅक मुंबई आणि अमृता विद्यापीठाचं ओलॅब्ज आहे, नववी ते बारावीचे प्रयोग, मराठीतही मजकूर आहे. पण त्यात कृती पायरीपायरीने ठरलेली असते, हे ओता मग ते दाबा, त्यामुळे मी ते प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी उजळणीला वापरतो, शोधायला नाही.


जुनासर

अनुमापनाला (टायट्रेशनला) मात्र ओलॅब्ज अजिबात नको. फिनॉल्फ्थॅलीनचा तो फिकट गुलाबी रंग एका थेंबाने येतो आणि एका थेंबाने बिघडतो, तो थेंब बोटांना कळावा लागतो.


नववी_ब

एकदम मान्य.


वाडीवरची_बाई

उशिरा आले धाग्यावर. आमच्याकडे नेट अजिबातच नाही आणि शाळेत एक जुना लॅपटॉप आहे, कुणीतरी दान दिलेला, त्यावर उबंटू टाकलंय. फेट त्यावर चालेल का? आणि नववी_ब सर, अंदाज लिहून घेता ते वहीच्या मागच्या पानावर की वेगळी वही? आमची पोरं उत्तर आलं की खोडून बरोबर करतात.


नववी_ब

ताई, चालेल. नेट असेल तिथे जाऊन प्रत्येक सिम्युलेशनच्या पानावरून डाउनलोड करा, एकच एचटीएमएल फाइल मिळते, पेनड्राइव्हमध्ये घ्या आणि लॅपटॉपवर फायरफॉक्समध्ये उघडा. मराठी हवं तर त्या पानावर भाषांतरांची यादी असते, तिथून मराठीची फाइल घ्या. जुन्या फ्लॅश किंवा जावावाल्या घेऊ नका, नावाजवळ एचटीएमएल५ लिहिलेलंच घ्या. लॅपटॉप फार जुना असेल तर एका वेळी एकच टॅब.

वहीचं म्हणाल तर वर वहीत म्हणालो खरा, पण वही नाहीच. कागदाच्या चिठ्ठ्या, पेनने, पेन्सिल बंद. लिहून झालं की एका पोराने गोळा करून खिडकीत ठेवायच्या, मग मी क्लिक करतो. तास संपताना ज्याची त्याला परत, घरी घेऊन जा, कुणाला दाखवायची सक्ती नाही.


वाडीवरची_बाई

पेनने! हे सुचलंच नव्हतं. शनिवारी तालुक्याला जातेय मीटिंगला, तिथे सायबर कॅफेत डाउनलोड करून घेते. अपूर्णांकाचं पण आहे का त्यात? चौथीला हवंय.


नववी_ब

आहे. अपूर्णांकांची एकापेक्षा जास्त आहेत, ओळखीपासूनचं आधी घ्या. काही अडलं तर इथेच लिहा.